‘वतेत’ म्हणजे ‘देत’ नव्हे

ईशा, निनाद,

कॉलेजसाठी मी पिंपळनेरहून धुळ्याच्या एसटीत बसले, तेव्हा माझ्या आईने खिडकीतून दशम्यांचा डबा दिला आणि बजावलं, "तठे शुद्ध बोलजो, नही ते हसतीन." मी आज्ञाधारक होते. दोन महिन्यांत अहिराणी सोडली. पुढे जळगावला आयुष्यभर इंग्रजी शिकवलं आणि तुमच्या बाबांशीही घरात कधी अहिराणी बोलले नाही.

म्हणून गेल्या वर्षी विद्यापीठातल्या एका संशोधन गटाने मला बोलावलं, तेव्हा हसूच आलं. गावोगावच्या भेदभावाचा अभ्यास करणारी ही तरुण मंडळी. अहिराणी मुलाखती ऐकून मराठीत टाइप करणारं कुणी त्यांना हवं होतं. मला वेळ भरपूर, कामही नेटकं.

चौथ्या फाइलवर लाल खुणा करून गटातली रूपाली घरी आली. "मॅडम, पेपर तपासायला नव्हता दिला!" असं म्हणत तिने हेडफोन माझ्या कानाला लावला. साक्रीकडची एक म्हातारी शेतमजूर बाई सांगत होती, "आमले वरथून पानी वतेत."

मी लिहिलं होतं, ‘आम्हाला पाणी देत असत.’

"वाक्य जरा नीट केलं," मी म्हणाले.

"पण त्यात त्यांची तक्रारच गेली ना. वरून ओतत होते. भांडं बाटू नये म्हणून."

ती गेल्यावर मला आमचा ओटा दिसायला लागला. निंदणीला आलेल्या बाया पायरीखाली ओंजळ धरून वाकलेल्या, तांब्या माझ्या हातात आणि मागून आईचा आवाज, "उंचथून वत. शिवू नको." मी नऊ-दहा वर्षांची असेन. थेंबही सांडत नसे, म्हणून माझं कौतुक व्हायचं.

दुसऱ्या दिवशी ती ओळ बदलली. आधीच्या तिन्ही फायली पहिल्यापासून ऐकल्या. त्यांतही बरंच काही ‘नीट’ केलेलं निघालं. मग रूपालीला म्हटलं, आता माझी मुलाखत घे.

"इंग्रजीत की मराठीत, मॅडम?" तिने चिडवलं.

तुम्ही फोनवर विचारता, आजी, आपलं गावचं घर कसं होतं? अंगणात लिंबाची सावली होती, आई फार प्रेमळ होती. हे खरंच आहे. त्याच घराबद्दल मी इतक्या वर्षांनी अहिराणीत बोलले. पहिलं वाक्य तुमच्यासाठी इथे उतरवते, शुद्ध न करता:

"मी बी वरथून पानी वतेल शे."