सुजलेला साचा

योगिनी दिवसभर पोलाद कापते. भोसरीच्या एमआयडीसीत, एका पत्र्याच्या शेडमध्ये, तिची व्हीएमसी आहे, संगणकावर चालणारं पोलाद कापायचं मशीन. तिची म्हणजे मालकाची. पण सेटिंग ती करते, म्हणून सगळे तिचीच म्हणतात. काचेच्या दाराआड हत्यार थंड ठेवणाऱ्या कूलंटची पांढरी धार पडत राहते, आणि त्या धारेत ती कुणाच्या तरी ड्रॉइंगवरची मापं पोलादात उतरवते. भाग तयार होतो, तेल लागतं, खोक्यात जातो. कुठल्या गाडीत बसतो, ती गाडी कोण चालवतं, तिला माहीत नसतं. संध्याकाळी साबणाने हात घासले तरी कूलंटचा वास नखांच्या मुळाशी शिल्लक राहतो.

तिला एकदा तरी असं काही कापायचं होतं, जे हातात धरून घरी नेता येईल.

म्हणून तिने लाकडावर कोरीवकाम करणारं छोटं सीएनसी राउटर मागवलं. सुट्या भागांत आलं. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत तिने खोकं उघडलं तेव्हा नवरा दिग्विजय दारात उभा होता. तो चाकणच्या एका कंपनीत फोर्कलिफ्ट चालवतो. त्याला मोठ्या वस्तूंची सवय.

"हे मशीन? अगं, आमच्या स्टोअरमधला स्टॅपलर ह्याच्यापेक्षा मोठा आहे."

"तुमच्या स्टॅपलरला तीन अक्ष असतात का?"

"नसतात. पण तो डब्यातून जोडलेला येतो."

सुट्टीचा दिवस जोडणीत गेला. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, स्क्रू, तीन मोटरी, वायरींचं जंजाळ. चौकट काटकोनात आहे की नाही हे ती गुण्याने पुन्हा पुन्हा बघत होती. सगळं जुळल्यावर तिने हत्याराच्या जागी रबर लावून साधं बॉलपेन बांधलं, खाली कागद चिकटवला आणि लॅपटॉपवरून वर्तुळाचा प्रोग्रॅम सोडला. पेन थरथरत निघालं, वळलं, आणि जिथून निघालं होतं नेमकं तिथे येऊन थांबलं.

योगिनी ओरडली. खालून सासूबाई धापा टाकत जिना चढून आल्या.

"काय झालं गं? शॉक बसला का?"

"आत्या, गोल आला! गोल!"

सुभद्राबाईंनी कागद हातात घेतला, उलटा करून पाहिला. "मंग? बांगडी ठिवून मी बी काढते की गोल."

त्या लातूरकडच्या. नवऱ्यामागे या शहरात येऊन उभं आयुष्य गेलं, तरी जिभेवरून गाव उतरलं नाही. योगिनी त्यांना आत्या म्हणते.

खरी सुरुवात दुसऱ्या दिवशी झाली, आणि ती धुराने झाली. चाकणच्या कंपन्यांत बाहेरून येणारी यंत्रं पाइनच्या पेट्यांतून येतात. त्यातली मोडकी फळी दिग्विजयने विचारून आणली होती. योगिनीने कोरायचं हत्यार, म्हणजे बिट, लावलं, आणि पोलाद कापणाऱ्या बाईच्या शहाणपणाने वेग अगदी कमी ठेवला. जपून. हत्यार मोडायला नको. बिट एका जागी गरगरत रेंगाळलं, किरकिर करू लागलं, आणि फळीतून निळा धूर निघाला. कोरलेल्या खाचेच्या दोन्ही कडा काळ्या.

तिने मशीन थांबवलं. खाचेत बोट घालून पाहिलं, चटका बसला. चिमटीत आला तो भुसा नव्हता, पीठ होतं. वर्षानुवर्षांची तिची काळजीच लाकूड जाळत होती. तिने वेग दुप्पट केला. किरकिर कमी झाली. आणखी वाढवला. मग एकदम आवाज बदलला, माशीची गुणगुण भुंग्याची झाली, आणि बिटाच्या मागून पिवळेधमक कुरळे ढलपे उडायला लागले. तिच्या केसांत, भुवयांत, चहात. खाच स्वच्छ, लोण्यासारखी. ती एकटीच हसत सुटली. लाकडाला रेंगाळणं सोसत नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

शिमगा तोंडावर होता, आणि घरात दुसरंच काही चाललं होतं.

सुभद्राबाई दर वर्षी साखरेच्या गाठ्या करतात. गुढीला बांधायच्या, शिमग्या-पाडव्याला लेकरांच्या गळ्यात घालायच्या. हे त्यांच्या सासरचं काम. गाव सुटलं तरी कढई आणि सागवानी साचे सोबत आले. साचा म्हणजे समोरासमोर बसणाऱ्या दोन फळ्या, दोन्हींत अर्धी अर्धी पदकं कोरलेली. मधे दोरा ठेवायचा, फळ्या बांधायच्या, वरच्या तोंडांतून गरम पाक ओतायचा. साचे आदल्या रात्रीपासून पाण्यात बुडवून ठेवायचे, म्हणजे साखर लाकडाला धरत नाही.

पण हे साचे आता झिजून गुळगुळीत झाले होते. गाठीवरचं फूल चोखून टाकलेल्या गोळीसारखं दिसायचं. साचे कोरणारा गावाकडचा सुतार वारला, त्याच्या मुलांनी तो उद्योग उचलला नाही. शिमग्याच्या गाठ्या निघाल्या त्या पाहून सुभद्राबाईंनी ठरवलं: पुरे, आता गाठ्या करायच्या नाहीत. आळंदीचे मिठाईवाले बबनराव कितीदा कढई मागून गेले होते. त्यांना निरोप गेला. पाडव्याआधीच्या रविवारी येऊन घेऊन जा.

त्यांनी हे सांगितलं ते भाजी निवडता निवडता, मान वर न करता. योगिनीने त्यांच्या हातांकडे पाहिलं. मेथीची कोवळी पानं त्या टाकत होत्या आणि देठ ठेवत होत्या.

"आत्या, मी करते साचा."

"त्या खेळण्यावर?"

"त्या खेळण्यावर."

"बबनरावाला शबुद दिलाय मी."

"ते यायच्या आत तुमच्या हातात अख्खी गाठी दिली, तर कढई राहील?"

सुभद्राबाईंनी हातातली मेथी खाली ठेवली. "अख्खी. टवका गेलेली न्हाई चालायची."

मग योगिनी पेटलीच. पहिली शिफ्ट सुटली की थेट गच्ची. मोशीच्या भंगारवाल्याकडे जुन्या दाराची सागवानी फळी मिळाली, रुंद, हात फिरवला की तेलकट लागणारी. तिने लॅपटॉपवर पाच पदकांची माळ काढली, प्रत्येकात आठ पाकळ्यांचं फूल, मधून दोऱ्याची खाच. पाकळ्यांच्या भिंतींना किंचित उतार दिला, गाठी अडकू नये म्हणून. फळी एकच, तेव्हा साच्याचा एक भाग तिने उभा बसवला आणि दुसरा आडवा. वर्कशॉपात पत्र्यातून भाग काढताना असंच बसवतात. वाया जाणारा तुकडा जेवढा लहान तेवढा सेटर हुशार.

पाकळ्या उमटताना ती श्वास रोखून बघत होती. बिट पुन्हा पुन्हा फिरून येत होतं, आणि दर फेरीला फूल थोडं खोल जात होतं. दोन्ही भाग झाल्यावर तिने एकाला दोन पितळी पिना बसवल्या, दुसऱ्याला भोकं पाडली. भाग एकमेकांवर ठेवले. टक्. सांध्यात नख शिरेना. ती जेवायला खाली आली ती साचा घेऊनच, आणि ताटाशेजारी ठेवून जेवली.

"ह्याला बी वाढू का?" सुभद्राबाई म्हणाल्या.

शनिवारी तिला सुट्टी होती. साचा रात्रभर बादलीत भिजला होता. गच्चीवर शेगडी पेटली, सुभद्राबाईंनी पाकात दुधाचा शिपका मारून मळी काढली, बोटांत तार बघितली. "आण. आला पाक."

योगिनीने बादलीतून फळ्या काढल्या, दोरा ठेवला, एकीवर दुसरी टेकवली. एक पीन भोकात गेली. दुसरी गेली नाही. ती भोकाच्या काठावर उभी राहिली.

"आण की गं! पाक थांबतोय व्हय तुझ्यासाठी?"

तिने दाबलं, ठोकलं. शेवटी करवतीने पीन कापून टाकली, फळ्या सुतळीने आवळल्या आणि पुढे केल्या. सुभद्राबाईंनी पाक ओतला. तो आत गेला आणि सांध्यातून बाहेर आला, धारेने. साचा उघडला तेव्हा आत गाठी नव्हती. एकमेकांवरून घसरलेली अर्धी अर्धी पदकं होती आणि त्यांच्या भोवती साखरेची बर, सांध्यातून निघालेली पातळ, धारदार कड. योगिनी उचलायला गेली तेव्हा त्या माळेचे चार तुकडे झाले.

सुभद्राबाईंनी फळीवरून अंगठा फिरवला.

"तुझा साचा सुजलाय गं," त्या म्हणाल्या आणि शेगडी बंद केली.

सुजलाय. योगिनी व्हर्नियर घेऊन मापं घेत बसली. उभ्या कापलेल्या फळीची लांबी होती तेवढीच होती. आडवी कापलेली मात्र रात्रीत लांब झाली होती. तिने जुने साचे काढले, उन्हात धरले. प्रत्येक साच्यात लाकडाच्या रेषा लांबीच्या दिशेने धावत होत्या, दोन्ही भागांत सारख्या. पोलादाला दिशा नसते. कसंही ठेवा, कसंही कापा. लाकडाला असते. ते झाड होतं, उंच उभं राहून पाणी पीत होतं, आणि कापून, दार होऊन, भंगारात पडूनही पाणी मिळताच ते पुन्हा फुगलं. उंचीत नाही, रुंदीत.

"सापडलं!" ती इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या गच्चीवरचा वाळत घातलेला पापड उचलणारा कावळा उडाला.

"मंग कर दुसरा," सुभद्राबाई पायरीवरूनच म्हणाल्या.

पण दुसरी फळी नव्हती. भंगारवाल्याला फोन लावला. तसलं सागवान संपलं होतं. बबनराव उद्या सकाळी येणार. योगिनी बादलीपाशी उकिडवी बसून पाण्यातल्या त्या लांबलेल्या फळीकडे बघत राहिली. फळी पाण्यात शांत होती. तिला काही लपवायचं नव्हतं.

कोरडी जुळते, ओली जुळत नाही. पण साच्याचं काम कोरड्यात असतंच कुठे? तो कामाला लागतो तेव्हा भिजलेलाच असतो. मग कोरडं माप कुणासाठी घेतलं मी?

ती उठली. मशीनच्या पाटावर प्लास्टिक अंथरलं, वायरी वर बांधल्या. फळी पाण्यातून काढली ती न पुसता तशीच शिकंज्यात धरली.

"ओलंच कापायलीस?" सुभद्राबाई आता वर आल्या होत्या.

"ओलंच. ही सुजली तेवढी सुजली. आता सुजलेल्या अंगावर माप घेते."

आधी तिने जुनी फुलं वरून तासून काढली. फळी जाड होती, तासूनही पुरेशी उरली. मग दुसऱ्या भिजलेल्या भागावरची पदकं मोजून, त्याच अंतरांवर, पुन्हा कोरायला घेतली. ओला भुसा भिजलेल्या रव्यासारखा बिटाला गोळा होत होता. ती दात घासायच्या जुन्या ब्रशने काढत होती. मधेमधे फळीवर पाणी मारत होती, सुकून आक्रसू नये म्हणून. सुभद्राबाई बादली पालथी घालून जवळ बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "सर की जरा. फूल कसं करतंय बघू दे."

पाकळ्यांच्या कडांना ओले तंतू उभे राहिले होते, मांजराच्या पिलाच्या अंगावर असतात तसे. योगिनी ते नखाने काढत बसली. सुभद्राबाई खाली गेल्या, नारळाची शेंडी घेऊन आल्या, आणि फूल असं घासलं की पाकळी पाकळी लख्ख झाली. नव्या पिनांसाठी दोन्ही फळ्यांना नवी भोकं, तीही ओल्यातच. संध्याकाळी गच्चीवरून आळंदीच्या दिशेचे दिवे दिसायला लागले तेव्हा योगिनीने फळ्या जुळवल्या.

टक्.

सुभद्राबाईंनी तो आवाज ऐकला, साचा तिच्या हातातून घेतला आणि स्वतः बादलीत बुडवून ठेवला.

सकाळी बबनराव आपला टेम्पो घेऊन आले. जिना चढताना त्यांचा आवाज आधी वर आला. "काय मावशी, कढई घासून ठिवली का?"

"ठिवली की. लावा हात."

कढई शेगडीवर होती आणि पाक उकळत होता. बबनरावांनी हात मागे घेतला. "ह्ये काय? आमी न्यायला आलोय आन् तुमी पाक मांडलाय व्हय?"

"बसा. एक घाणा बघा आन् मंग बोला."

दिग्विजयने त्यांना खुर्ची दिली. योगिनीने साचा काढला, दोरा ठेवला, दोन्ही पिना बसल्याचं बोट फिरवून पाहिलं, सुतळी आवळली. पाक पडला. ती सांध्याकडे बघत होती. कुठूनही थेंब आला नाही. पत्रे तापायला लागले होते आणि कढईच्या काठावर साखरेचे बुडबुडे फुटत होते.

"पुरे," सुभद्राबाई म्हणाल्या. "सोड."

सुतळी सुटली. वरची फळी उचलली तर ती चिकटली नाही. खाली, ओल्या काळपट सागवानात, पांढरी शुभ्र माळ. सुभद्राबाईंनी दोऱ्याची दोन टोकं धरली आणि उचलली. पाचही पदकं हवेत लटकली, आणि प्रत्येकावर आठ पाकळ्या, कडा इतक्या स्पष्ट की त्यांना सावली होती.

"आयला," बबनराव खुर्चीवरून उठले. "ह्ये मशीननं?"

"ह्या हातानं," सुभद्राबाईंनी योगिनीचं मनगट धरून वर केलं, "आन् ह्या शेंडीनं."

योगिनीला नाचावंसं वाटत होतं. तिने ते दाबलं नाही. दिग्विजय टाळ्या वाजवायला लागला.

"मंग कढई न्हाई म्हना," बबनराव हसत म्हणाले. "वैनी, आमाला बी करून द्याल का असला साचा? आमची फुलं पार गेल्याती."

"रांगेत ऱ्हावा," सुभद्राबाई म्हणाल्या. "आधी घरचे. आन् लाकूड येताना तुमीच आणा. उभ्या रेषाचं."

मग त्या पत्र्याच्या खोलीत गेल्या. लेकराचा पहिला पाडवा असला की त्याच्या गळ्यात गाठी घालतात. त्यांनी ती पहिली गाठी मशीनच्या पुढच्या पट्टीला बांधली, दोन गाठी मारून, आणि मागे सरून पाहिलं.

योगिनी दाराशी आली. पाइनचा तुकडा आधीच शिकंज्यात होता. पुढच्या साच्यासाठी फुलाचा नवा नमुना तिला आत्ताच कोरून बघायचा होता.

"आत्या, ती काढा. मशीन चाललं की पडेल."

"ऱ्हाऊ दे. हळू चालव."

"हळू चालवलं की जळतं, आत्या," योगिनी म्हणाली, आणि गाठी सोडून तिने ती सासूबाईंच्याच गळ्यात घातली.