डावं टोक

घड्याळजी माणसाशी बोलताना त्याच्या तोंडाकडे बघायचा नाही, कानाकडे बघायचा. नवख्याला वाटायचं, आपल्या कानाला काही चिकटलंय की काय. जुन्यांना कारण ठाऊक होतं. समोरच्यानं चष्मा लावला असेल, तर काडीच्या बिजागरीत पितळी स्क्रू आहे का, हे तो बघत असे. चष्म्याचे स्क्रू पांढरे. पिवळा दिसला, म्हणजे तो घड्याळजीच्या डबीतला, जुन्या घड्याळातून काढून बसवलेला. बसथांबा असो, दवाखाना असो, अगदी कुणाच्या मयतीला गेला तरी याची नजर लोकांच्या कानशिलांवर.

अकरा वर्षांत एकही पिवळा स्क्रू त्याला दिसला नव्हता. पण त्याचंही उत्तर तयार होतं, आणि ते देणारा होता टेलर. टेलर म्हणजे गावच्या सेवा क्लबचा सचिव आणि घड्याळजीचा शाळेपासूनचा मित्र. दोघं एका बाकावर बसून एकाच छडीनं मार खाल्लेले. तो सांगायचा, आपली चष्म्याची शिबिरं होतात डोंगरापलीकडच्या वाड्यांवर, ती माणसं इकडं कशाला फिरकतील? घड्याळजीला ते पटायचं. मित्राचं बोलणं कुणी तराजूत घालून बघतं का?

क्लबाची तऱ्हा सांगायची तर दिवस पुरायचा नाही. सभासद तीसेक, मनानं सगळे चांगले, पण फोटोचे भारी शौकीन. दरवर्षी झाडं लावायचे, आणि दरवर्षी एकाच खड्ड्यात लावायचे. फोटोग्राफर म्हणायचा, उजेड तिथंच बरा येतो. मागच्या वर्षीचं रोप वाळलेलं असायचंच, ते उपटलं की जागा मोकळी. बसथांब्यावर त्यांनी बाक दिला, त्यावर क्लबाचं नाव एवढ्या जाड अक्षरात रंगवलं की रंग वाळायच्या आत बसलेले चौघं आठवडाभर पाठीवर क्लबाची जाहिरात घेऊन हिंडत होते. घड्याळजी या गमती सांगून स्वतःच पोट धरून हसायचा. हसता हसता म्हणायचा, आपलं चष्म्याचं काम मात्र तसलं नाही हां. ते खरं काम.

हे खरं काम त्याच्याकडे आलं ते बायको गेली त्या वर्षी. त्याच सुमारास लोक वेळ फोनवर बघायला लागले आणि दुकानात गिऱ्हाईक म्हणून माशीसुद्धा येईना. घड्याळजी सकाळी शटर वर करायचा, भिंतीवरच्या चौदा घड्याळांना चावी द्यायचा आणि त्यांची टिकटिक ऐकत संध्याकाळपर्यंत बसायचा. जेवणाचा डबा नेला तसा परत आणायचा. लेक लग्न होऊन दोन गल्ल्या सोडूनच राहायची. ती येऊन डबा उघडून बघायची आणि घासायला घ्यायची.

एके दिवशी टेलर एक पोतं घेऊन दुकानात आला. पोत्यात जुने चष्मे. कुणाच्या मेलेल्या बापाचे, कुणी नंबर बदलला म्हणून टाकलेले. क्लबानं घरोघरी फिरून गोळा केले होते. टेलर म्हणाला, हे दुरुस्त करून गरिबांना द्यायचेत, गावात एवढ्या बारीक कामाचा हात तुझाच, नाही म्हणू नकोस.

घड्याळजी त्या दिवशी डबा चाटूनपुसून जेवला.

मग त्यानं त्या कामाची जी शिस्त बसवली, ती बघण्यासारखी होती. काच कोमट पाण्यात धुवायची, मऊ ब्रशनं कोपरे साफ करायचे, वाकडी काडी दिव्यावर शेकून सरळ करायची, सैल बिजागरीत पितळी स्क्रू. तयार चष्मे कापडाच्या तुकड्यात गुंडाळून बुटांच्या रिकाम्या खोक्यात, एकात सदतीस. खोक्यावर नंबर. आणि वरून दोरीची गाठ. ही गाठ त्याच्या वडिलांची. भिंतीवरचं मोठं घड्याळ एका गावाहून दुसऱ्या गावी न्यायचं तर लंबक बांधावा लागतो, नाहीतर हिंदकळून आतली कमान मोडते. ती गाठ अशी की बैलगाडीत दिवसभर आपटली तरी सुटायची नाही, पण डावं टोक ओढलं की एका झटक्यात मोकळी. उजवं ओढाल तर आणखी आवळते. शिबिरातल्या लोकांची अडचण नको म्हणून घड्याळजी प्रत्येक झाकणावर लिहायचा, ‘डावं टोक ओढावं’. खोका नेताना टेलरला हटकून विचारायचा, गाठीचा काही त्रास नाही ना होत? टेलर म्हणायचा, छे रे, लोण्यासारखी सुटते.

महिन्याला एक पोतं यायचं, एक खोका जायचा. वर्षाच्या शेवटी क्लबाच्या वर्धापनदिनी टेलर माइकवरून आकडा वाचायचा, आपल्या घड्याळजींमुळे यंदा एवढ्या लोकांना दृष्टी मिळाली. टाळ्या व्हायच्या. घड्याळजी पहिल्या रांगेतून उठून मानपत्र घ्यायला जायचा, आणि लेक डोळे पुसायची. ती मानपत्रं दुकानात चौदा घड्याळांच्या मधोमध लागली होती.

यंदाच्या वर्धापनदिनाला आठवडा होता तेव्हा क्लबाच्या सभागृहातलं घड्याळ बंद पडलं. घड्याळजी दुपारी शिडी घेऊन पोचला. राखणदारानं कुलूप काढून दिलं आणि तो चहाला गेला. घड्याळ होतं पोटमाळ्याला लागून. शिडीच्या शेवटच्या पायरीवर चढल्यावर घड्याळजीचं डोकं माळ्याच्या बरोबरीला आलं. मागचं झाकण काढावं म्हणून त्यानं मान वळवली, आणि समोर खोकी.

बुटांची खोकी. भिंतीपर्यंत रचलेली, धुळीनं मळलेली. प्रत्येकावर दोरी, प्रत्येक दोरीला गाठ, आणि प्रत्येक गाठ जशी त्यानं मारली होती तशी. डावं टोक जेवढं सोडलं होतं तेवढंच. अशी गाठ मारणारा गावात दुसरा कुणी नव्हता, तेव्हा हातच्या काकणाला आरसा कशाला?

पहिल्यांदा त्याला वाटलं, ही या वर्षीची असतील. मग तो नंबर वाचायला लागला. एकशे एकतीस. नव्वद. बेचाळीस. सात. शिडीवर उभ्या उभ्या त्यानं सगळे वाचले. दोन नंबरचा सगळ्यात तळाशी, दबून चपटा झालेला. एक नंबरचा कुठंच नव्हता. त्या एका नंबरात त्याचा जीव अडकला. त्यातला एक खोका काखेत मारून तो उतरला. घड्याळाचं झाकण उघडं ते उघडंच राहिलं.

तसाच तो टेलरच्या दुकानात गेला. टेलर गळ्यात टेप घालून कुणाच्या तरी कोटाला खडूनं खुणा करत होता. घड्याळजीनं खोका कोटावरच ठेवला.

"उघड," तो म्हणाला.

टेलरनं खोक्याकडे पाहिलं, घड्याळजीकडे पाहिलं. आणि आयुष्यभर जे केलं तेच त्याच्या हातानं केलं. हात कात्रीकडे गेला.

"कात्री कशाला? लोण्यासारखी सुटते ना?"

टेलरनं कात्री ठेवली. गाठ चाचपली, आणि ओढलं ते उजवं टोक. गाठ आणखी आवळली. झाकणावर लिहिलेलं दोघांनाही दिसत होतं.

मग टेलर खाली बसला आणि सगळं सांगून मोकळा झाला. पहिलं शिबिर झालं तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्वतः एक नंबरचा खोका उघडला होता. सगळे सदतीस चष्मे दिले. पण पुढच्याच आठवड्यात नऊ जण परत आले, डोकं दुखतंय, चक्कर येतेय म्हणत. डॉक्टर म्हणाले, दुसऱ्याच्या नंबराचा चष्मा असा अंदाजानं वाटायचा नसतो, हे बंद करा. क्लबानं बंद केलं. त्या दिवसापासून शिबिरात डॉक्टर तपासून नवे चष्मे देतात. घड्याळजीची खोकी मात्र टेलर महिन्याच्या महिन्याला आणून माळ्यावर चढवत राहिला.

"मला का नाही सांगितलंस?"

"कसं सांगू? तू जेवायला लागला होतास."

टेलरला वाटलं, अर्धं सांगून भागणार नाही, म्हणून त्यानं उरलेलंही ओतलं. चष्म्याची कल्पना मुळात क्लबाची नव्हतीच. ती लेकीची. तीच एकदा काका काका करत रडत आली होती. बाबांच्या हाताला काहीतरी द्या, नाहीतर तेही जातील. पुढं डॉक्टरांनी बंद करायला सांगितलं, तेव्हाही तीच म्हणाली, त्यांना कळू देऊ नका. क्लबातही एव्हाना सगळ्यांना माहीत होतं.

म्हणजे अकरा वर्षं घड्याळजी समजत होता आपण क्लबातर्फे सेवा करतोय, आणि क्लब समजत होता आपण घड्याळजीची सेवा करतोय. तीस माणसं टाळ्या वाजवत होती, आणि तिसांतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. झाडाच्या खड्ड्याला तो हसायचा तेव्हा ती माणसंही हसायची. कशाला हसत होती, ते आता कळलं. शत्रूनं फसवलं तर माणूस चार लोकांत बोंब तरी मारतो. इथं केसानं गळा कापला तो लेकीनं आणि जिवलगानं, तोही मायेनं. दातही आपलेच, ओठही आपलेच. तक्रार करायची कुणाकडं?

"सदतीसातून नऊ परत आले," घड्याळजी म्हणाला. "म्हणजे अठ्ठावीस."

"हो. अठ्ठावीस राहिले."

"मग या वेळी माइकवरून अठ्ठावीस वाच. बाकी मला काही नको."

टेलरनं मान डोलावली. दोघांनी मिळून खाल्लेल्या छड्यांची शपथ घेतली. घड्याळजीनं खोका तिथंच ठेवला आणि निघाला.

टेलरकडून कळल्यापासून आठवडाभर लेक रोज दुकानात येऊन बसायची. बाबा, माझं चुकलं का, एवढंच एकदा तिनं विचारलं. घड्याळजी म्हणाला, तुझं चुकलं नाही पोरी, तू मला जगवलंस. पण डोळ्यांनी तो तिच्या पाठीमागच्या मानपत्रांकडे बघत होता, आणि दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा भिंतीवर मानपत्रांच्या जागी अकरा पांढुरके चौकोन होते.

वर्धापनदिनाला पाहुणे मोठे होते. सभागृह भरलेलं, घड्याळ मात्र बंद, झाकणही उघडं. पहिल्या रांगेत घड्याळजी धुतलेला सदरा घालून बसला, शेजारी लेक. टेलर माइकजवळ गेला. खिशातला कागद काढला, खाली पाहिलं, घड्याळजीकडे पाहिलं. मग त्यानं पाहुण्यांकडे पाहिलं, आणि अध्यक्षांकडे. घसा खाकरला.

"आपल्या घड्याळजींमुळे," तो म्हणाला, "आजवर जवळजवळ पाच हजार लोकांना दृष्टी मिळाली."

टाळ्या झाल्या. पाहुणे मानपत्र हातात घेऊन उभे राहिले. घड्याळजी उठला नाही. अध्यक्षांनी दुसऱ्यांदा नाव पुकारलं. लेक हळूच म्हणाली, "बाबा, उठा ना. लोक बघतायत."

"बघू देत," घड्याळजी म्हणाला. "त्यांना दृष्टी कुणी दिली, विचार."

शेवटी टेलरच खाली उतरला आणि मानपत्र त्याच्या मांडीवर ठेवून गेला. घड्याळजीनं ते खुर्चीवर ठेवलं आणि घरी गेला.

महिना संपला तसा टेलर दुकानात आला. हातात पोतं नव्हतं. गेल्या पोत्यातले चष्मे शिडीवरच्या त्या दुपारच्या आधीच निम्मे झाले होते. उरलेले घड्याळजीनं नंतर पुरे केले होते. हात ऐकत नाहीत. एवढं मात्र लेकीनं बरोबर ओळखलं होतं. खोका काउंटरवर तयार होता. सदतीस चष्मे, कापडात गुंडाळलेले, स्क्रू पिवळे. झाकणावर नंबर होता, आणि नंबराखाली स्वच्छ अक्षरात एकच शब्द, ‘पोटमाळा’.

टेलरनं तो वाचला. खोका उचलला, तर झाकण सरकलं. त्यानं ते हातानं धरलं. दारापर्यंत गेला आणि थांबला.

"गाठ नाही मारलीस?"

"कुणी सोडणार आहे का?" घड्याळजी म्हणाला.

टेलर झाकण हातानं दाबून धरत पायऱ्या उतरला. रस्त्यानं एक म्हातारा काठी टेकत येत होता, डोळ्यांवर जाड चष्मा. घड्याळजीची नजर सवयीनं त्याच्या कानाकडे गेली. मग त्यानं ती वळवली आणि पहिल्या घड्याळाला चावी द्यायला उठला.