उपासाने वाढलेली साखर

डाव्या पायाच्या अंगठ्याला चप्पल लागून जखम झाली आणि ती काही केल्या भरेना. जालन्याच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. वजन फार आहे, साखर त्याहून फार आहे, अशीच राहिली तर अंगठा कापावा लागेल, असं त्यांनी तोंडावर सांगितलं.

मला पटेना. चहा बिनसाखरेचा, गोडाला हात नाही. वजन उतरावं म्हणून सोमवार, गुरुवार, शनिवार आणि चतुर्थी धरलेली. उपासाला साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी, वर उकडलेली रताळी. आधीपासून चालू असलेली साखरेची गोळी जेवणानंतर घ्यायची होती. उपासाला जेवण नाही, म्हणून गोळीही नाही. हे मला बराबर वाटायचं.

काय खाता, असं बाईंनी विचारलं. अर्धा आठवडा उपाशीच असते, मी म्हणाले. सून शेजारी उभी होती.

"आत्याबाई, खरं सांगा, न्हाई तर मी सांगते."

मी तोंड उघडायच्या आत तिने खिचडीच्या ताटापासून उरलेल्या गोळ्यांपर्यंत सगळं सांगून टाकलं. दाराशी नंबर लावून बसलेल्या बाया हसल्या. परतताना ऑटोत मी तोंड फिरवून बसले. घरी आल्यावर तीच म्हणाली, "रागवा मंग. पण देवानं कधी तुमचा अंगठा मागितला?"

धरलेला उपास असाच सोडता येत नाही, उद्यापन करावं लागतं. तिने सगळ्यांचं एकाच दिवशी उरकलं. शेजारीण म्हणाली, एवढे देव एका पंगतीला पहिल्यांदाच बसले असतील. उद्यापनाला जेवायला बोलावलेल्या जोडप्याला पुरणपोळी वाढली आणि माझ्या ताटात एक भाकरी, मेथीची भाजी, काकडी. मी चिडून जेवले.

पुढे ती रोज ताट वाढायची, समोर उभी राहून गोळी गिळायला लावायची, जखम धुऊन पट्टी बांधायची. माझा पाय मांडीवर घ्यायला तिने कधी नाक मुरडलं नाही. वजन हळूहळू उतरत गेलं, साखर खाली आली, जखम भरली. शेवटी डॉक्टरीणबाईंनी अंगठा दाबून पाहिला आणि आता कापायचं कारण नाही म्हणाल्या.

त्या दिवशी सुनेने चारचौघांत माझा मान राखला असता, तर अंगठा राहिला नसता. आभार वगैरे आमच्यात म्हणत नाहीत. दवाखान्यातून येताना जुन्या जालन्यात उतरून तिला बांगड्या भरायला कासाराच्या दुकानात नेलं. लेक का, त्याने विचारलं.

"सून आहे," मी म्हणाले. "चांगल्या दाखव."