भज्याचा वास

कढईच्या तळाला भज्याचा चुरा साठतो ना, तसे किस्से साठतात. आज गाळून टाका, उद्या पुन्हा आहेतच! परंड्याच्या स्टँडबाहेर आमचा भज्याचा गाडा आहे. आमचा म्हणजे दादाचा. दिवाळीनंतर उसाच्या ट्रॉलीखाली दादा गेला, आता गाडा मी चालवतो. कुर्डुवाडीच्या गाडीची वाट बघणारा जो तो प्लेट हातात घेतो अन् म्हणतो, "तुझ्या दादाची एक गंमत सांगू का?"

त्या गमती मी घरी येऊन वहिनीला सांगायचो. वहिनी जेवत नव्हती. सकाळचा चहासुद्धा बाजूला सारायची. आई म्हणायची, "दुःखानं आतडं आवळलंय तिचं." मला भीती वाटायची, दादामागं ही पण जाते का काय! म्हणून तिला हसवायला त्यातल्या त्यात चिमीच्या वेळचे किस्से काढायचो. चिमी म्हणजे त्यांची पोरगी. त्या किश्श्यांच्या सुरुवातीला ती वहिनीच्या पोटात होती, आणि आम्हाला कुणालाच पत्ता नव्हता.

*

एका संध्याकाळी दादा गाड्यावरून आला. हातात गरम भज्याचा पुडा, खास बायकोसाठी. वहिनीनं पदर नाकाला लावला. "लांब व्हा! तुमच्या अंगाला भज्याचा वास येतोय!"

"आगं, भजीवाल्याच्या अंगाला काय गुलाबाचा वास यील?"

तोवर वहिनी मोरीत!

दादानं अंघोळ केली. तरी वास. साबण बदलला. तरी वास! शेवटी बाज उचलून अंगणात गेला बिचारा. मला म्हणाला, "बघायला गेलो तवा तर म्हणली होती, भजी लई आवडतेत!"

*

दादाचं निदान एकच, पित्त! मेडिकलमधून गोळ्या घेऊन येत होता, दारात शेजारच्या रजियाखाला भेटल्या. त्या कपडे शिवतात, पण गल्लीतल्या कुठल्याही घरातलं त्यांना आधी कळतं.

दादा म्हणाला, "सकाळी उठली की उलटी. चहा नको, फोडणी नको. पित्त झालंय, खाला."

खालांनी गोळ्या हिसकावून घेतल्या. "अरे दीवाने, पित्त नै! बाप बनरा तू!"

दादा तसाच पळत मेडिकलवर. गोळ्या काउंटरवर ठेवल्या अन् सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "परत घ्या! पित्त न्हाय, पोरगं हाय!"

*

ही खबर तामलवाडीला, वहिनीच्या माहेरी कळवायचं काम माझ्याकडं. आई म्हणाली होती, "सांग, तिला दिवस गेलेत." मी सातवीतून शाळा सोडलेला, त्यात घाई, त्यात रेंज नाही. फोनमध्ये बोंबललो, "वहिनीचे दिवस! हॅलो? वहिनीचे दिवस हायेत, लवकर या!"

दुपारी टेम्पो भरून माणसं आली. रडत, ऊर बडवत! वहिनी मोरीपाशी वाकलेली. तिच्या आईनं बघितलं अन् किंचाळली, "जित्ती हाय गं बाई!"

वहिनीनं चूळ भरली, माझ्याकडं बघितलं. "मी हाय. पर आज भाऊजी राहत न्हाईत!"

दिवस जाणं वेगळं आणि मेल्या माणसाचे दिवस घालणं वेगळं, हे तिच्या भावानं, आण्णानं, मला कान पिळून शिकवलं. दादा मात्र खूश. एवढे पाहुणे आलेत म्हणून त्यानं अंगणातच कढई चढवली, अन् वहिनी परत मोरीत!

*

मग सरकारी दवाखान्याच्या आशाताई आल्या. त्यांनी नीट समजावलं. "ह्यो आजार न्हाय. अंगात बदल व्हतेत, त्यानं मळमळतं. बहुतेक बायांचं चौथ्या महिन्यापर्यंत कमी व्हतं. पोट रिकामं ठेवू नका. थोडं थोडं खायचं, पाणी घोट घोट प्यायचं. पाणीसुद्धा टिकंना, लघवी कमी झाली, चक्कर आली, तर मात्र थेट दवाखाना. आन् सकाळी अंथरुणातनं उठायच्या आधी कोरडं काहीतरी खायचं, टोस्ट म्हणा, भाकरीचा कडक तुकडा म्हणा."

दादानं मान डोलावली. सगळं पाठ!

दुसऱ्या दिवशी पहाटं वहिनीची किंकाळी. आम्ही धावलो. वहिनी उठून बसलेली, तोंडात अर्धा टोस्ट. समोर दादा, हातात उरलेला अर्धा.

आई म्हणाली, "आरं मुडद्या, झोपलेल्या बाईच्या तोंडात कोंबतोस व्हय?"

"उठायच्या आधीच म्हणल्यात ना ताई!"

*

तरी भज्याचा वास काही सोसेना. मग दादानं एक दिवस कढई गाड्यावर पालथी घातली आणि लिंबाची पाटी मांडून सरबत सुरू केलं. भर धंद्यात भजी बंद! लोक येऊन परत जायला लागले.

कुर्डुवाडीच्या गाडीचे कंडक्टरकाका आमचं रोजचं गिऱ्हाईक. ते चिडले. "का रं? भजी कुठाय?"

"मालक नको म्हणतोय."

"मालक तर तूच की!"

"मी कसला मालक! खरा मालक अजून यायचाय."

काका अख्ख्या स्टँडला सांगत सुटले. चिमी झाली त्या दिवशी गाडी थांबवून उतरले आणि म्हणाले, "मालकीणबाईंना इचारा, आता तरी कढई सरळ करू का!"

*

हा किस्सा हसायचा नाही, पण त्यातच येतो. दादा गेला त्या सकाळी तामलवाडीला फोन मीच केला. रेंज चांगली होती. शब्द नीट सांगितले, एकही चुकला नाही.

आण्णानं तेच परत सांगायला लावलं. मग म्हणाला, "त्या बारीसारखा चुकलाच आसशील की रं. चुकलो म्हण."

*

काल सकाळची गोष्ट. मी गाड्यावर पहिला घाणा काढला आणि बेसन संपलं म्हणून गॅस बंद करून घरी आलो. वहिनी उंबऱ्यात बसली होती, शेजारी चहा तसाच निवलेला. चिमी तिच्या पाठीवर लोंबकळत होती. मी म्हणालो, "वहिनी, आज एक टोस्टाचा किस्सा आठवला."

वहिनीनं पदर नाकाला लावला.

"भाऊजी, लांब व्हा. तुमच्या अंगाला भज्याचा वास येतोय."

आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. वहिनीनं स्वतःच बोललेलं ऐकलं आणि आईकडं बघितलं. मग आई तशीच, पिठाच्या हातानं, चप्पल न घालता आशाताईंच्या घराकडं निघाली.

मी बेसन न घेताच स्टँडवर आलो. वाटेत बाजारातून लिंबं घेतली. निवलेलं तेल डब्यात ओतलं, कढई पालथी घातली.

कुर्डुवाडीची गाडी लागली. कंडक्टरकाका हात चोळत उतरले. "आरं, ह्या थंडीत सरबत? भजी कुठाय?"

मी लिंबू कापलं.

"मालक नको म्हणतोय, काका."