आगबोट कोणी जाळली

डोंबिवलीच्या खालच्या अंगाला, खाडीवरच्या आमच्या गावात एक छोटी लाकडी आगबोट होती. सागवानी, बुटकी, माणसांपेक्षा भात आणि गवतच जास्त वाहणारी. कल्याणहून ठाण्याला जायची. तिच्या बॉयलरमध्ये कोळसा घालायचं काम माझ्या आजोबांचं. एका नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ती जळून खाक झाली. आजोबांनी बॉयलर पेटता सोडला, असं गावानं ठरवून टाकलं. तेव्हापासून आम्ही ‘बोटजाळे’. बाबा तेव्हा रांगत होते, तरी शाळेत त्यांना तीच हाक. ठाण्याच्या कोर्टात कारकुनी मिळताच त्यांनी वर्तकनगरात खोली घेतली आणि लग्नकार्याशिवाय गावात पाऊल टाकलं नाही.

ही गोष्ट मी शंभरदा ऐकलेली. गेल्या श्रावणात अळू चिरता चिरता मात्र माझा हात थांबला.

“बाबा, पावसाळ्यात बोट कुठे असायची?”

“काठावर ओढून ठेवलेली. पौर्णिमेला नारळ वाहिला की मग पाण्यात.”

“मग कोरड्यावर बॉयलर पेटवायला आजोबा काय वेडे होते?”

ब्याऐंशी वर्षांच्या बाबांनी हातातला पेपर खाली ठेवला. मला तर आमच्या अख्ख्या खानदानाचा राग आला. इतकी वर्षं खाली मान घालून बसलो आणि एकालाही हे सुचू नये!

पौर्णिमेला त्यांना रिक्षात बसवून मी गावात नेलं. काठावर सगळे जमलेले. भांडायच्या तयारीनंच मी तोच प्रश्न खड्या आवाजात विचारला. कोणी हसलं, कोणी “जाऊ दे ना ताई” म्हणालं. तेवढ्यात खुर्चीवर बसलेली, गावातली सगळ्यात म्हातारी बाई बोलली.

“माजे बापानं शेकली ती. गवत मीच आनलेलं.”

होडी पाण्यात सोडण्याआधी तिचं बूड गवताच्या जाळावर शेकायचे, म्हणजे लाकूड पोखरणारी कीड मरते. म्हातारीच्या वडिलांनी मायेपोटी आगबोटीलाही तसंच शेकलं. बोटीच्या लाकडात वर्षानुवर्षं यंत्राचं तेल मुरलंय, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

“मग आजवर बोलली का नाहीस, आजी?” माझा आवाज चढलाच.

“बाप होता तवर त्याची भीती. मंग मना कुनी इचारलंच नाय.”

मग गावानं मानाचा पहिला नारळ बाबांच्या हातात दिला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते पाण्यात उतरले, ताठ मानेनं नारळ वाहिला, आणि मी भर गर्दीत रडत रडत टाळ्या वाजवल्या. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

म्हातारी पदरात तोंड लपवून बसलेली. मागून कोणीतरी खिदळलं, “म्हणजे खरे बोटजाळे हिच्या घरचे!”

बाबा ओल्या पायांनी तिच्या खुर्चीशेजारी जाऊन उभे राहिले.

“हिच्या बापाला आता कोणी नाव ठेवलं ना,” ते गरजले, “तर गाठ माझ्याशी आहे.”