शेंदराचा ठिपका

आरोग्य खात्याची ती आशाताई मला एकदाच भेटली, सावंतवाडीपलीकडे मावशीच्या काजूच्या बागेत. झाडाखाली एक माकड मरून पडलं होतं. आमच्याकडे मेलेलं माकड म्हणजे मारुती. मावशी हळदकुंकू आणि नारळ घेऊन त्याला पुरायला निघाली होती. इतक्यात आशाताई धापा टाकत आली.

"काकी, हात लावू नकात! तेच्या अंगावरचे गोचीड आता माणूस शोधतले. माकडताप येतलो!"

चपला काढून तिने लांबूनच हात जोडले, मग फोटो काढला. बागेत रेंज नव्हती. मोबाइल उंच धरून ती कातळावर चढली आणि फोटो ठिकाणासकट तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात पोचेपर्यंत भर उन्हात हलली नाही.

मी वैतागून म्हणालो, "मेलेल्या माकडाचा फोटो कशाला?"

ती मावशीकडेच बघून म्हणाली, "मारुती दूत मां, काकी? निरोप घेवन इलोहा. तो फुडे धाडूक नको?"

मावशीने नारळ खाली ठेवला.

संध्याकाळपर्यंत गावातल्या मोबाइलवर नकाशा आला: या बागेत जाऊ नका. नकाशात आमच्या ऐन हंगामातल्या काजूंवर लाल ठिपका होता. मावशीने चष्मा लावून तो पाहिला आणि हात जोडले.

"शेंदूर लागलो रे," ती म्हणाली.