बुचाला लागलेला वास

त्या प्रकरणाची आठवण झाली की आजही स्वतःचाच राग येतो. तेव्हा मी अमरावतीत एका ठाण्याचा प्रभारी होतो.

शहरातले एक कंत्राटदार सकाळीच तणतणत आले. मुलानं अमेरिकेतून जुनी राय व्हिस्की आणली होती, दोन बाटल्या. राय हे तिकडचं धान्य. एक बाटली सीलबंद होती. फोडलेलीतून पाहुण्यांना ओतली, तर पार फिकी. कोणीतरी व्हिस्की काढून पाणी घातलं होतं. संशय ड्रायव्हरवर, कारण घराची किल्ली त्याच्याकडे असायची.

ड्रायव्हर चांदूर रेल्वेचा, चौदा वर्षांपासून कामाला. त्याला आणून बाकावर बसवलं. फिरवून फिरवून विचारलं, तरी त्याचं एकच म्हणणं.

"साहेब, मी पंचशील पाळनारा मानूस आहो. नोकरी गेली तं गेली. पन हे गावात कळलं तं विहारात कोन्या तोंडानं बसू?"

शपथा घेणारे लय पाहिले, असं मी त्याला सुनावलं. आज ते बोलणं जिभेला टोचतं.

मी स्वतः पीत नाही, आणि प्रयोगशाळेचा अहवाल यायला महिने लागतात. हवालदारानं अकोटच्या एका गृहस्थांचं नाव सुचवलं. दारूच्या कारखान्यात चव घेण्यातच त्यांचं सारं आयुष्य गेलं होतं. दुसऱ्या दिवशी ते एसटीनं आले, रुमालात गुंडाळलेले स्वतःचे दोन ग्लास घेऊन. तक्रारदाराच्या संमतीनं पंचांसमोर सीलबंद बाटली फोडली.

त्यांनी ग्लास उजेडात धरला, हुंगला, चमचाभर पाणी घातलं, घोट तोंडात घोळवला आणि बादलीत थुंकला. हवालदाराचा जीव तिळतिळ तुटला. आधी मिऱ्यासारखा झणका, तो रायचा, असं त्यांनी सांगितलं. मागून कोरडं लाकूड, आणि शेवटी जिभेवर रेंगाळणारी गोडी. वेगवेगळ्या वयाची व्हिस्की मिसळलेली, पण जोड कळत नाही, म्हणजे मिसळणारा हुशार.

मग फोडलेली बाटली. व्हिस्की तीच, पण निम्मी. बाकी चहाचं पाणी. शेवटी त्यांनी बूच नाकाशी धरलं, रुमालानं पुसलं आणि पुन्हा हुंगलं.

"साहेब, याले कापूर लागला. पेनारा कापूर लावून पेत नाई. हे कोनी चोळ्याले नेली."

मी थेट कंत्राटदारांच्या घरी गेलो आणि गुडघे कोणाचे दुखतात, एवढंच विचारलं. आतल्या खोलीत त्यांच्या आई होत्या. उशाशी औषधाची जुनी बाटली, त्यात व्हिस्की आणि कापराच्या वड्या. म्हातारीनं काहीच लपवलं नाही. चोळायची ब्रँडी संपली, म्हणून कापराच्याच हातानं बूच उघडून कपाटातली घेतली. पोरगा ओरडतो, म्हणून वरून चहाचं पाणी घातलं. ड्रायव्हरला ठाण्यात बसवल्याचं तिला ठाऊकच नव्हतं.

"मले कोनी इचारलं?" ती म्हणाली. "कापूर तं ड्रायवरच आनून देत होता मले. त्याले वाटे, पूजेचा हाये."

मग ती हट्टानं ठाण्यात आली, त्याच गुडघ्यांनी पायऱ्या चढली आणि ड्रायव्हरपुढं हात जोडून उभी राहिली. त्यानं तिला धरून बाकावर बसवलं. कामावर मात्र तो परत गेला नाही.

दारू गेली म्हणून मी पिणारा शोधत बसलो. घरात कोणाचं काय दुखतं, हे विचारायचं सुचलंच नाही. पुढं प्रत्येक तपासात मी ते आधी विचारत आलो.

त्या रविवारी साध्या कपड्यात चांदूर रेल्वेला गेलो. विहारात चार लोकांसमोर सांगितलं की, या माणसाचा काही दोष नव्हता, चूक माझी होती.  तो थोडा सरकला आणि सतरंजीवर मला शेजारी जागा करून दिली.